शेवळं आणि तीन भाकऱ्या

शेवळाला साप म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. ते दिसतंच तसं. जूनच्या तोंडावर जमिनीतून वर आलेला जांभळट कोंब, त्याचं गुंडाळलेलं टोक आणि आत लांब दांडा. नीट रांधलं नाही तर घसा असा खाजतो की पाणीही उतरत नाही. माझं माहेर कुडपणचं, आणि तिथे आम्ही पोरं वर्षभर ह्याच भाजीची वाट बघायचो.

माहेरी शेवळांची एक रीत आहे. ती मी लग्नानंतर हिरकणीवाडीला घेऊन आले. जिने शेवळं रांधली, तिने पहिला घास खायचा आणि तव्यावरून तीन भाकऱ्या उतरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलण्याच्या नादात घशाची खाज कळत नाही म्हणून. तिसरी भाकरी उतरली आणि घसा साफ असला, की मगच बाकीच्यांची ताटं मांडायची.

गडाच्या पायथ्याशी आमची खाणावळ आहे. चार बाकं, एक चूल, एक गॅस आणि दाराशी खडूने लिहायची पाटी. आमच्या ह्यांनी मुंबईत एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पंधरा वर्षं काढली, त्यामुळे गिऱ्हाइकाचं शास्त्र त्यांना तोंडपाठ. माणूस माहीत असेल तेच मागतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पाटीवर पिठलं-भाकरी, ठेचा, ताक. शेवळं तिथे मी हट्टाने घुसवली होती.

मागच्या साली शहरातून आलेल्या एका पोरीने माझ्या परातीतली शेवळं मोबाइलमध्ये टिपली. बरोबरची मंडळी नाक धरून हसली आणि न जेवताच निघून गेली. तो व्हिडिओ फिरत फिरत मुंबईच्या भाच्याकडून आमच्याच फोनवर आला. त्यात माझा चेहरा नव्हता, पण हात माझे होते. दुसऱ्या दिवशी ह्यांनी ओल्या फडक्याने पाटीवरची तेवढीच ओळ पुसली. मला राग आला, लाजही वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचाच जास्त राग आला.

यंदा कातकरणीने शेवळांच्या जुड्या दारात आणल्या तेव्हा मी ह्यांना सांगून टाकलं, की रविवारी शेवळं करणार आणि पाटीवरही लिहिणार. त्यांनी वाद घातला नाही, फक्त एक अट घातली.

"कर तू. पन त्या भाजीपायी एक जरी गिऱ्हाईक उठून गेला, तर पुना नाव काढायचा नाय."

मी हो म्हटलं.

रविवारी साताऱ्याकडचे पंधरावीस शिक्षक-शिक्षिका गड बघून रोपवेने खाली आले. मी नेहमीच्या दुप्पट शेवळं घेतली होती, आणि तिथेच माती खाल्ली. शेवळांची खाज मारायला काकडं लागतात, म्हणजे हिरवी आंबट रानफळं. ती ठेचून त्यांचं पाणी भाजीत घालायचं. काकडं माझ्याकडे नेहमीएवढीच होती, म्हणून उरलेली कसर मी आमसुलांनी भरून काढली. आई सांगायची, काकडाचं काम काकडानेच करावं. पण त्या दिवशी मला आईच्या शब्दापेक्षा पाटीची घाई झाली होती.

पहिला घास खाऊन मी गप्प बसले. एक भाकरी उतरली. दुसरी तव्यावर टाकली तेव्हा घशात कुसळ टोचल्यासारखं झालं. बारीकच. हे समोरून बघत होते आणि बाहेर मंडळी ताटांची वाट बघत होती. वरून भरपूर ताक वाढलं तर कदाचित कोणाला कळणारही नाही, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू? मग मी टोप उचलला आणि परसातल्या खड्ड्यात पालथा केला. बाहेर येऊन सांगितलं, भाजी खाजरी झाली, आज शेवळं मिळणार नाहीत, पिठलं वाढते.

त्यातल्या एका बाईंनी विचारलं, तुम्ही आधी स्वतः खाऊन बघता का? मग काय तुमच्या घशावर बघू, असं मी म्हटलं. त्या हसल्या. सगळे पोटभर पिठलं जेवून गेले. ह्यांनी दिवसभरात "सांगितलं होतं ना" एवढंही म्हटलं नाही. त्यांच्या लेखी विषय मिटला होता.

माझ्या लेखी मिटला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच पाचाडला जाऊन मी त्याच कातकरणीकडून ओटीभर काकडं आणली. चुलीवर टोप चढवताना बघून ह्यांनी अटीची आठवण करून दिली.

"गिऱ्हाईक उठून गेला तर, असा बोललावं ना?" मी विचारलं. "काल कोन उठून गेला? सगली बसून जेवली."

हे फडकं घेऊन बाहेर बाकं पुसायला गेले.

ह्या खेपेला मी कशातच कसर केली नाही. वरची सालं काढली, दांड्याचा पिवळा दाणेदार भाग निवडून टाकला, काकडं ठेचली, सोललेले वाल घातले, ओलं खोबरं वाटून लावलं. पहिला घास खाल्ला आणि तव्यावर भाकरी टाकली. ती फुगलीही नव्हती, तोवर हे आत आले आणि ताट घेऊन समोर बसले. मी मानेनेच नको म्हटलं. बोलायची सोय नव्हती. त्यांनी स्वतःच डाव उचलून भाजी वाढून घेतली. मी त्यांचा हात धरला.

"सोड गो," ते म्हणाले. "काल भरलेला टोप ओतलास तू. आता मी तीन भाकऱ्या कशाला थांबू?"

आणि त्यांनी घास घेतला. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण इतक्या भरवशाने माझ्या हातचं कोणी खाल्लेलं मला आठवत नाही. मला रडू आलं. पण रीत ती रीत, मी चकार शब्द काढला नाही.

दुसरी भाकरी उतरली. तिसरी उतरली. दोघांचेही घसे साफ होते. ह्यांनी हात धुतले आणि खडू घेतला. पाटीवर सगळ्यात वर पिठलं-भाकरी होती, तिथे जागा नव्हती. त्यांनी ती ओळ पुसली, तिथे शेवळं लिहिलं आणि पिठलं-भाकरी खाली घेतली.