एकेचाळीस वर्षांची तक्रार

माझी आत्या पोलीस खात्यात होती असं सांगितलं की लोक जरा सावरून बसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर काठी आणि शिट्टी येते. आत्याच्या हातात आयुष्यभर एक लाकडी पट्टी आणि टोक काढलेली पेन्सिल होती. ती आकडेवारी शाखेत कारकून होती. महिना संपला की शहरातल्या सगळ्या ठाण्यांतून आकडे यायचे. खून इतके, घरफोड्या इतक्या, चोऱ्या इतक्या, हरवलेली माणसं इतकी. आत्या त्यांचा गोषवारा करून वर पाठवायची. एकतीस वर्षं तिने हेच केलं. उंची जेमतेम साडेचार फूट, राग कायम नाकावर, आणि बेरीज अशी पक्की की शेजारची पोरं गणिताची वही लपवून आमच्या दारावरून जायची.

अशा बाईला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं की बेरीज बरोबर आली तरी आकडे खोटे आहेत.

ते खोटे कसे होतात हे ती मला जेवताना समजावून सांगायची. माणूस ठाण्यात जातो, चोरी झाली म्हणतो. टेबलामागचा हवालदार विचारतो, "नेताना पाहिलंत का कुणाला?" पाहिलेलं नसतं. "मग पडली असेल कुठेतरी." आणि चोरीच्या जागी 'गहाळ' लिहिलं जातं. गहाळ झालेली वस्तू गुन्ह्यांत धरत नाहीत. आमच्या शेजाऱ्यांची सायकल कुलूप तोडून नेली, तीही गहाळच झाली. आत्या ऑफिसातून तणतणतच घरी आली होती. "सायकल काय रुमाल आहे, खिशातून पडायला?" जो फारच हट्टाला पेटेल त्याला कोऱ्या कागदावर अर्ज लिहायला सांगायचे आणि तो अर्ज खणात जायचा. वर्षअखेरीला गुन्हे घटलेले असायचे. पेपरात साहेबांचा फोटो यायचा. आत्या तो पेपर उलटी घडी करून ठेवायची.

"एवढा संताप होतो तर सोड की ही नोकरी," मी एकदा म्हणाले.

"मी गेले आणि दादाचा कागद आला तर?" ती म्हणाली.

दादा म्हणजे माझे काका, बाबांच्या पाठचे. मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. सतत काहीतरी गुणगुणत असायचे म्हणून घरात त्यांना भुंगा म्हणत. विसाव्या वर्षी ते तिसऱ्यांदा नापास झाले आणि आजोबा म्हणाले, "पुन्हा तोंड दाखवू नकोस मला." काकांनी उभ्या जन्मात वडिलांचं एकही ऐकलं नव्हतं. नेमकं हे ऐकलं. भर दुपारी, घर झोपलेलं असताना, ते दारात चपला घालत होते. सतरा वर्षांच्या आत्याने विचारलं, कुठे चाललास? ते म्हणाले, "आलोच."

चौथ्या दिवशी आजोबा आणि आत्या ठाण्यात गेले. हवालदार म्हणाला, "वीस वर्षांचा घोडा तो. भूक लागली की येईल." मग शेजारच्याकडे वळून, आवाज न दाबता, "या महिन्यात हरवलेले आधीच नऊ झालेत." त्याने आजोबांचा कागद घेतला आणि हिरव्या काचेच्या वजनाखाली सरकवला. वहीत नोंद नाही, नंबर नाही. त्या महिन्याचे नऊ नऊच राहिले. आत्या पुढे कित्येक दिवस तिथे जाऊन बसायची. शेवटी तिला दारातूनच परतवायला लागले.

दहा वर्षांनी परीक्षा देऊन तिने ती शाखा मागून घेतली. शहरातला प्रत्येक कागद तिथून जातो, तर कधीतरी त्याचाही जाईल, एवढाच तिचा हिशोब. काकांची नोंद करून घ्या म्हणून तिने चार साहेबांना विनवलं. चौघांचं म्हणणं एकच: इतक्या जुन्या माणसाला आता हरवलेला दाखवला तर आकडा वाढेल, आणि आधी का नाही दाखवला ते कोण सांगणार?

तिने लग्न केलं नाही. त्याचं कारण काका होते असं ती कधी म्हणाली नाही आणि मीही छेडलं नाही. पण काकांच्या वाढदिवशी सकाळी चहा ओतताना ती सांगायची, "आज पंचेचाळीसचा झाला." पुढच्या वर्षी सेहेचाळीसचा. बसस्टॉपवर त्या वयाचा पुरुष दिसला की तिचं बोलणं अर्ध्यावर थांबायचं. एकदा गुणगुणणाऱ्या एका माणसाच्या मागे ती परक्या इमारतीचे तीन मजले चढून गेली. तो विजेचं मीटर वाचायला आला होता. ही गोष्ट आम्ही घरात हसून हसून सांगत असू आणि तीही हसायची. आता मला त्या हसण्याची लाज वाटते.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी नव्या बाई आल्या, मोठ्या अधिकारी म्हणून. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं की खणांतले सगळे अर्ज बाहेर काढा आणि जे जे आहे ते नोंदवा. ठाण्यांची पाचावर धारण बसली. त्या महिन्यात चोऱ्या दुप्पट झाल्या. पेपरांनी बोंब ठोकली, बायका दारांना दोन-दोन कड्या लावायला लागल्या, नव्या बाई आल्या आणि चोरांचं फावलं असं जो तो म्हणू लागला. एकही चोर वाढला नव्हता, वाढली होती फक्त शाई. गुन्हे वाढले म्हणून अख्ख्या शहरात आनंदी असलेली एकच बाई होती आणि ती आमच्या स्वयंपाकघरात ताठ मानेने पोळ्या लाटत होती.

मग एके दिवशी ती स्वतः अर्ज घेऊन बाईंसमोर उभी राहिली.

"कधीची तक्रार?" बाईंनी विचारलं.

"एकेचाळीस वर्षांची."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "बसा. वर्णन सांगा." आत्याला वीस वर्षांच्या मुलाचं वर्णन येत होतं, तेच तिने सांगितलं. दाट केस, हनुवटीवर डावीकडे व्रण, उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. नंबर पडला. तो नंबर तिने घरी येऊन आम्हा सगळ्यांना पाठ करायला लावला.

सतराव्या दिवशी फोन आला. सहा तासांच्या अंतरावरच्या एका शहरात, निराधार पुरुषांच्या निवाऱ्यात, व्रण आणि करंगळी दोन्ही जुळत होतं. बाबा अंथरुणाला खिळलेले, म्हणून मी सोबत गेले. आत्याने नवी साडी नेसली होती आणि तिच्यावरची किमतीची चिठ्ठी काढायची राहिली होती. ती मी उतरताना काढली.

लांबट खोलीत सात-आठ माणसं वेताच्या खुर्च्या विणत होती. खिडकीजवळच्या टक्कल पडलेल्या माणसाने मान वर केली आणि तो बघतच राहिला.

"ठेंगू," तो म्हणाला.

हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"म्हातारी झालीस गं."

"आणि तू मोठा कोवळा राहिलायस!" आत्या म्हणाली आणि मटकन खाली, वेताच्या कपच्यांत बसली. त्याचा पाय धरून ती रडायला लागली. काका तिच्या डोक्यावर हात ठेवायचे, काढून घ्यायचे, पुन्हा ठेवायचे.

थोड्या वेळाने व्यवस्थापक फाईल घेऊन आले. भला माणूस, त्याला वाटलं आम्हाला बरं वाटेल. "यांनी घरचा पत्ता कधी दिला नाही हो," ते म्हणाले. "वडील तोंड बघणार नाहीत म्हणायचे. एवढंच विचारायला लावायचे की तुमच्या शहरात माझ्या हरवल्याची तक्रार केलीय का कुणी. तीनदा लिहिलं आम्ही तिथल्या पोलिसांना. हे बघा."

तीन पत्रं, सात-सात वर्षांच्या अंतराने आणि तिन्हींना उत्तर. छापील कागद, 'आढळलेल्या नोंदी' आणि त्यापुढे एकच शब्द: निरंक. म्हणजे एकही नाही. खाली 'कार्यालयासाठी' आणि एक झटकेबाज सही. ती सही मी ओळखली. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर तीच आहे.

काकांना ती वाचता येणं शक्य नव्हतं. मी आत्याचं कोपर दाबलं. मनातल्या मनात म्हटलं, गप्प बस, तुला विचारलंय का कुणी.

"ही सही माझी आहे, दादा," आत्या म्हणाली.

काकांनी ते कागद हातात घेतले.

"पत्र ठाण्यात जायचं. माझ्याकडे नाव नाही, नुसता आकडा यायचा. ठाण्याने निरंक कळवलं, मी निरंक लिहिलं. आकडे खोटे असतात हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी लिहिलं मी." ती त्यांच्याजवळ सरकली. "आम्ही गेलो होतो रे तक्रार द्यायला. चौथ्या दिवशी. बाबा आणि मी. त्यांनी लिहूनच घेतली नाही."

"बाबा गेले होते?" काकांनी विचारलं.

"हो."

"स्वतः?"

"स्वतः. कागद त्यांनीच लिहिला होता."

काकांनी खुर्ची बाजूला ठेवली. खोलीतले बाकीचे उगाचच वेत भिजवत बसले.

"घरी चल," आत्या म्हणाली.

"पहिलं उत्तर आलं तेव्हा वाटलं, चूक असेल. वर्षभर इथल्या फाटकाकडे बघत बसायचो. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी ठरवलं, आता बास. तेव्हापासून झोप लागायला लागली. आता इथून उठायचं, घर म्हणायचं… नाही जमणार गं मला."

आत्याने पदराने तोंड पुसलं. तिला हट्ट करता येतो, पण तिने केला नाही. "मग मी येत जाते. दर महिन्याला, पहिल्या रविवारी…"

"ये की. खुशाल ये." काकांनी तिचं मनगट धरलं. "पण वार सांगू नकोस, ठेंगू. वार सांगितलास की मी पुन्हा वाट बघत बसेन."

आत्या निवृत्त होऊन आता दीड वर्ष झालं. ती कधीही उठते आणि सकाळच्या गाडीने जाते, कधी दहा दिवसांनी, कधी पाच आठवड्यांनी. विचारलं तर म्हणते, मला तरी कुठे ठाऊक असतं, आज मनात आलं. चक्क थाप मारते. तिची पिशवी भरून दोन-दोन दिवस दाराआड ठेवलेली असते आणि येता-जाता ती तिच्याकडे बघत असते.