चंद्र-सूर्याचा पानहार

“हा हार इथंच राहील. पोलिसांना बोलावतो मी,” शेठ म्हणाले आणि काउंटरवरचा हार त्यांनी स्वतःच्या मुठीत घेतला.

समोर मिरजगावच्या हौसाबाई उभ्या होत्या. परवा त्यांच्या मुलीचं लग्न. घरातला जुना हार तिच्या गळ्यात घालायचा होता, पण मागची कडी तुटलेली. ती जोडून घ्यायला त्या सकाळच्या एसटीनं नगरला आल्या होत्या. कडी जोडायला कितीसा वेळ लागतो? ते राहिलं बाजूला, इथं त्यांनाच चोर ठरवणं चाललं होतं.

मी त्या पेढीवर डिझायनर होतो. दागिन्याचं चित्र काढायचं आणि कारागिराला समजावून द्यायचं, हे माझं काम. पेढीचं नाव सांगत नाही. तिचा पानहार जिल्ह्यात प्रसिद्ध होता. विड्याच्या पानासारखी सोन्याची पानं, प्रत्येकाची डावी कड आत मुरडलेली आणि मुरडीजवळ दोन बारीक खळगे. शेठ सांगायचे, हे डिझाइन आजोबांना देवपूजेला बसले असताना सुचलं. ते दोन खळगे म्हणजे चंद्र आणि सूर्य. ते आहेत तोवर पेढीची सचोटी. नव्या शोरूमच्या ब्रोशरमध्ये हेच छापायचं होतं, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘नकलांपासून सावध राहा’.

हौसाबाईंच्या हारावर तीच मुरड होती, तेच खळगे. मागे पेढीचा शिक्का मात्र नव्हता.

“कुठल्या सोनारानं नक्कल करून दिली?” शेठनी विचारलं.

“नक्कल न्हाई शेठ. माज्या आजेसासूचा हाय त्यो.”

“हाताला घट्टे दिसतायत. खडी फोडायला जाता ना? खडी फोडणाऱ्या बाईकडे असला हार?”

दुष्काळाचं साल होतं. दुकानात माणसं यायची ती दागिने मोडायलाच.

“व्हय, फोडती खडी,” हौसाबाई म्हणाल्या. “हार मोडाया लागू न्हाई म्हनूनच फोडती.”

माझं डोकं तिथंच तापलं. शेठना त्याचा पत्ता नव्हता. ते मला आर्टिस्ट म्हणत. “आर्टिस्ट, तुम्ही सांगा यांना. नक्कल आहे की नाही?”

मी हार हातात घेतला. त्यात फक्त मधलं मोठं पान मुरडलेलं होतं. बाकीची पानं साधी, सरळ. आमच्या हारात तर सगळीच मुरडलेली असायची. मी तसं बोललो.

“नक्कल करणाऱ्याला बाकीची जमली नसतील,” शेठ म्हणाले.

“त्यात जमायचं काय?” हौसाबाई म्हणाल्या. “ती काय नक्षी हाय व्हय? आमच्या सासऱ्याचं दात हायेत ते. तानं हुतं तवा आईच्या मांडीवर बसून पान चावलं त्यांनी. मग हार गाठवाया हितंच दिल्ता, तुमच्या आजोबाकडं. लई दिस ठिवून घेतला म्हनं.”

“गोष्टी सांगू नका,” शेठ म्हणाले.

मी आत जाऊन पानहाराची डाय घेऊन आलो. डाय म्हणजे पोलादाचा ठसा. त्यात नक्षी उलटी कोरलेली असते. वर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकला की नक्षी उमटते. मी हौसाबाईंचं मधलं पान त्या ठशात ठेवलं. मुरडीत मुरड आणि ठशातल्या उंचवट्यांवर खळगे, अगदी चपखल बसलं.

“बघा, म्हणजे नक्कलच,” शेठ म्हणाले.

“नक्कल आहेच. कुणाची कुणी केली, ते आता बघू.” मी पान उलटं केलं. ठशातून काढलेल्या पानाला पुढून खळगा असला, तर मागून फुगवटा येतो. आमच्या हाराला तसे फुगवटे होते. या पानाला मागूनही दोन खळगे होते. पत्रा दोन्ही बाजूंनी दाबला गेल्याशिवाय असं होत नाही. वरचे दोन दात, खालचे दोन दात.

“शेठ, तुमच्या आजोबांना पूजेत काही सुचलेलं नाही. या बाईंचा हार ठेवून घेतला आणि त्यावरून ठसा केला. पोचा आलाय हेसुद्धा कुणाला कळलं नाही. आणि चोर या?”

“हळू बोला. पगार कोण देतं तुम्हाला?”

“नका देऊ.”

माझा आवाज चढलेला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. मी हार कारागिराकडे नेला आणि समोर उभं राहून कडीला डाग देऊन घेतला. डाग म्हणजे सोनाराचं सोल्डरिंग. मग तो हौसाबाईंच्या हातात ठेवला. शेठ आडवे आले नाहीत. एवढंच म्हणाले, “घेऊन जा. पण बाहेर कुठं बोलू नका.”

हौसाबाईंनी हार पदरात बांधला. “आमच्या सासऱ्याचं दात तुमी जिल्हाभर इकलं, आन गप मी ऱ्हाऊ?” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “म्हातारा हाय अजून, दादा. तोंडात एक बी दात ऱ्हायला न्हाई. हारातलं तेवढं हायेत.”

माझी नोकरी त्याच दिवशी सुटली. त्याचं दुःख नाही. संताप याचा येतो, की ब्रोशर जसंच्या तसं छापलं गेलं, चंद्र-सूर्यासकट. आता तो हार कुठल्याही दुकानात मिळतो. परवा नातीच्या खरेदीला गेलो, तर सेल्समन मला ते खळगे दाखवून आजोबांची पूजा सांगत होता.

दागिना घेताना आधी उलटा करून बघा. दुकानदार फक्त पुढच्या बाजूबद्दल बोलतो.