गार्डसाहेबांचे पडदे

“मिस्त्री, भिंतीले खिळा लागला नाई पाह्यजे.”

माझ्या दुकानात पाय ठेवण्याआधी, रस्त्यावरूनच गार्डसाहेब हे म्हणायचे. खुर्चीचा पाय बसवायला आणला तरी हेच. खुर्चीचा आणि भिंतीचा काय संबंध, ते तुम्हीच सांगा.

मी पुलगावात जन्मभर सुतारकी केली. शाळा चौथीत सुटली, पण टेप वाचता येतो, आणि माझं माप चुकलं असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. ज्याला म्हणायचं असेल त्याने दुसरा सुतार पाहावा.

हे गृहस्थ छोट्या गाडीचे गार्ड. पुलगावहून आर्वीला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. पुढे ती बंद झाली, त्याच सुमारास हेही रिटायर झाले. सारी नोकरी रेल्वेच्या क्वार्टरात गेली. क्वार्टर आपलं नाही, घेतलं तसं परत करायचं, हे अंगात इतकं मुरलं होतं की बायको वारल्यावर आमच्या गल्लीत भाड्याची खोली घेतली तर तिथेही कॅलेंडर खुर्चीच्या पाठीला टांगलेलं. तारीख पाहायची तर पाहुण्याला उठवावं लागे. अर्थात पाहुणा म्हणजे बहुतेक मीच.

त्या खोलीत भिंतीलगत एक लांब टेबल टाकून त्यांनी आपली लाईन पुन्हा बांधायला घेतली. रूळ तारेचे, डबे पत्र्याचे, इंजिनात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर. स्टेशनं काड्यापेट्यांची. गल्लीत लोक हसायचे. “काय गार्डसाहेब, सिग्नल भेटला काय?” असं कोणी विचारलं की ते शांतपणे म्हणायचे, “अजून नाई भेटला. तुमी गाडीखाली येऊ नका.”

एक दिवस मला म्हणाले, “मिस्त्री, पडदे करून द्या.”

“नाटक बसवून राह्यले काय?”

“टेबलामागं नुसती भिंत दिसते. भिंतीतून गाडी जाते काय कधी? मागं वावर पाह्यजे, आभाळ पाह्यजे. प्लायचे पडदे करा, रंग मी देतो.”

मी एकच लांबलचक फळी कापली आणि टेबलाच्या मागच्या कडेला स्क्रूनं पक्की आवळली. हत्ती धडकला तरी हलली नसती. ते आले, दोन्ही टोकांकडून पाहिलं, फळीवर हात फिरवला.

“लय चांगली झाली. काढा.”

“काऊन?”

“तिच्यामागं खिडकी हाये. खोलीले एकच खिडकी. मी काय मरू? अन् इंजिन मागच्या रुळावर घसरलं तर हात कोठून घालू? पडदा काढता आला पाह्यजे. एका माणसाले, एका हातानं.”

मी रागावलो. आवळलेलं काम सैल करून मागणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही. पण करून दिलं. टेबलाच्या मागच्या कडेला दोन पट्ट्यांची खाच केली आणि फळीचे तीन तुकडे करून त्या खाचेत उभे केले. वर उचलला की निघाला, खाली सोडला की बसला. सांधे असे जुळवले की नख शिरणार नाही. तरी त्यांनी प्रत्येक सांध्यापुढे तार आणि काथ्याची एकेक बाभूळ उभी केली.

“माझा सांधा दिसत नाई,” मी म्हणालो.

“नाई दिसत. पण तेथं बाभूळ होतीच.”

रंग त्यांनी दिला. मला वाटलं होतं माणूस चार रेघोट्या ओढेल. पण दूरचं कपाशीचं वावर फिकं, जवळचं गडद, आभाळ खाली येता येता पांढुरकं, असं त्यांना जमलं. फक्त स्टेशनं सगळी लहान काढली, पाठमोरी, माणसंही पाठमोरी. रोहण्याचं स्टेशन जरा मोठं काढा, मी म्हटलं.

“तुमी इंजिनात बसले व्हय? गार्ड शेवटच्या डब्यात राह्यते, मिस्त्री. त्याले गाव येताना दिसत नाई. जाताना दिसते.”



पडदे सुटे का हवे होते, त्याचं खरं कारण मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. त्यांची एकुलती लेक नागपूरला. घरमालकाच्या फोनवर रविवारी तिचा फोन यायचा. “पोरगी बोलावून राह्यली,” ते म्हणाले. “एकदा जागा नक्की झाली की पडदे काढले, टेबलाचे पाय काढले, टेम्पोत टाकले, चाललो.” हे सांगताना ते इंजिनाला तेल देत होते, आणि तेल रुळावर सांडत होतं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

शेवटी जागा पाहायला ते मला टेपासकट नागपूरला घेऊन गेले. लेकीचा फ्लॅट दोन खोल्यांचा. जावई भला माणूस, माझ्यासाठी स्वतः पाट शोधून आणला. बाहेरच्या खोलीत एक भिंत लांब होती. तिथे नात अभ्यासाचं टेबल मांडून बसलेली, दहावीचं वर्ष.

लेक म्हणाली, “बाबा, हिचं टेबल स्वयंपाकघरात नेऊ. काही अडत नाही.”

नात उठली आणि पुस्तकं उचलायला लागली. मी माप घेतलं. लाईनचं टेबल बसत होतं, वर चार बोटं उरत होती. मी तसं सांगणार तोच गार्डसाहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला. “घरी जाऊन हिशोब करू,” म्हणाले.

एसटीत बसल्याबरोबर म्हणाले, “बसत नाई.”

“बसते. चार बोटं उरते.”

“नाई बसत.”

केळझर येईपर्यंत मी भांडलो. कंडक्टरही ऐकत होता. केळझरला त्यांनी खिडकीतूनच गणपतीला हात जोडले आणि मग म्हणाले, “तुमचा टेप बरोबर हाये, मिस्त्री. पण बसत नाई.”

आणि रविवारी फोनवर लेकीला काय सांगितलं? “मिस्त्री म्हणते, माप जमत नाई. अन् लाईन सोडून मी काई येत नाई.” घरमालकाच्या ओट्यावर बसून मी हे माझ्या कानांनी ऐकलं. महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. तेही समजूत काढायला आले नाहीत. एका दुपारी त्यांच्या खोलीतून शिट्टी ऐकू आली, गाडी सोडताना ते वाजवायचे ती. एकट्याच माणसासाठी गाडी सुटत होती. मग मीच गेलो. ते दुसरी खुर्ची झाडायला लागले.

त्यानंतरही काही वर्षं ते त्या खोलीतच राहिले. उन्हाळ्यात मधला पडदा काढून खिडकी उघडायचे, पावसाळ्यात लावायचे. लेक यायची, दोन दिवस राहायची, जाताना म्हणायची, “चला ना, बाबा.” ते म्हणायचे, “लाईन कोण पाहील?”

ते गेले तेव्हा झोपेतच गेले. दहाव्यानंतर लेक खोली रिकामी करायला आली. तिने मला बोलावलं. मी एकेक पडदा उचलून दिला, तिने जुन्या साडीत गुंडाळला. तिसरा हातात असताना ती थांबली.

“काका, एक विचारू? तेव्हा खरंच बसत नव्हतं का? की बाबांना माझ्याकडे यायचंच नव्हतं?”

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे केस कानांजवळ पांढरे झाले होते.

“नव्हतं बसत, बाई,” मी म्हणालो. “चार बोटं कमी पडत होती. मी तीनदा मोजलं.”

तिने मान हलवली. तिसरा पडदाही गुंडाळला. मग आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो. चहा कोणी ठेवायचा, ते दोघांनाही सुचेना.