परवानगी मागणारे साडभाऊ

इतक्या नम्रपणे साऱ्या जगाचा खोळंबा करणारा माणूस माझ्या साडभाऊंखेरीज दुसरा झाला नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे, यजमान. गोंदियाजवळच्या गोरेगावला खताच्या दुकानावरच्या खोलीत ते इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेत, आणि वर्षानुवर्षे तिथे एकच विषय चाले, परवानगी कशी मागावी. आमच्या भागात ती कुणी मागत नाही. माणूस सरळ चुलीपर्यंत येतो आणि मग विचारतो, "काय करून राहिले जी?" साडभाऊ मात्र स्वतःच्याच घराबाहेर चपला काढून उभे राहत आणि म्हणत, "मे आय कम इन?" आतून ताई ओरडायची, "या न बाप्पा, घर तुमचंच हाय." तेवढ्याने भागत नसे, पुढे 'येस' यावं लागे. एसटीत रिकाम्या सीटपाशी "वुड यू माइंड इफ आय सॅट हिअर?" म्हणत, आणि शेजारचा म्हातारा घाबरून उभाच राही. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, बगळे बसले असले तर त्यांनाही 'एक्सक्यूज मी' म्हटल्याचं मी स्वतः ऐकलंय.

मीही त्यांचा विद्यार्थी. त्यांचं सगळ्यात लांब वाक्य, 'आय वॉज वंडरिंग इफ आय माइट', घेऊन मी एका कचेरीत गेलो. दारात उभं राहून सुरुवात केली, आणि पुढचं आठवेपर्यंत साहेब डबा खायला उठून गेले. साडभाऊंना सांगितलं तर म्हणाले, "उच्चार बरोबर होता ना?" मी चिडलो. "काऊन जी एवढं विचारत राहता? लोक देतातच न." ते शांतपणे म्हणाले, "विचारलं म्हणजे समोरच्याला नाही म्हणता येतं. न विचारता घेतलं, की त्याचा नकारच आपण काढून घेतो."

मागच्या थंडीत ताईच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तिला गोंदियाच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागात ठेवलं. काचेच्या दारापाशी साडभाऊ रखवालदाराला विचारत, "मे आय सी माय वाइफ?" तो म्हणे, "टाइम नहीं हुआ, अंकल." हे "थँक्यू" म्हणून बाकावर परत. मला राहवेना. मी बाहेरून आलेल्या मोठ्या डॉक्टरच्या थाटात आत घुसलो, आणि माझ्या चिखलाच्या चपला बघून नर्सने मला आल्या पावली बाहेर काढलं. माझ्या वतीने माफी अर्थात साडभाऊंनीच मागितली.

ताई शुद्धीवर आलीच नाही. एका दुपारी तरुण डॉक्टर बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसला. हळूच म्हणाला, "सर, अब उनका दिल रुका तो हम दोबारा कोशिश न करें? सिर्फ तकलीफ होगी. आपकी परमिशन चाहिए."

जन्मभर मागत आलेल्या माणसाकडे पहिल्यांदाच कुणी परवानगी मागत होतं. साडभाऊंनी शर्टाची बटणं नीट लावली. मग उठत म्हणाले, "तिला विचारून येतो."

डॉक्टरने दार उघडून धरलं. मीही मागोमाग गेलो. साडभाऊ पलंगावर वाकले, तिच्या हातावर हात ठेवला, आणि इतक्या वर्षांत मी प्रथमच त्यांच्या तोंडून आमची बोली ऐकली.

"जाऊन राहिली का वो? जाऊ देऊ?"

आणि ते उत्तरासाठी थांबले. डॉक्टर थांबला, नर्स थांबली, मीसुद्धा तोंड मिटून थांबलो, जे मला सहसा जमत नाही. शेवटी त्यांनी तिची चादर सारखी केली आणि डॉक्टरकडे पाहून नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी ताई गेली.

हल्ली ते अधूनमधून कामठ्याला आमच्याकडे राहायला असतात. वर्ग बंद आहे. जेवताना माझी बायको विचारते, "भाऊजी, अजून भात वाढू का?" एवढ्याशा प्रश्नालाही त्यांना फार वेळ लागतो. ते ताटाकडे बघत राहतात. ती भाताचा चमचा हातात धरून तशीच उभी राहते, आणि मी घास खाली ठेवतो.