तिप्पट वेगाचा अहवाल

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी एकटीच. गोदामातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खोक्याची नोंद ज्या डेटाबेसमध्ये व्हायची, तो विकतचा होता. त्याच्या लायसन्सची मुदत संपत आली, तेव्हा मालक म्हणाले, "फुकट मिळणारा डेटाबेसही असतो म्हणे. तो आपल्याला चालेल का, तपासून सांगा."

मी दोन सारखी मशीन घेतली, दोन्हींवर त्याच नोंदी भरल्या आणि वेळ मोजला. फुकटचा तिप्पट वेगवान निघाला. मी हरखले आणि त्याच दुपारी मालकांना अहवाल पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना गोदामाचे जुने सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, खोकं स्कॅन झालं आन् तवाच लाइट गेली, तर नोंद ऱ्हाती का न्हाय? यूपीएस बी कदी कदी टांग मारतोय."

"राहते की, काका," मी म्हणाले खरी, पण चहा तसाच ठेवून जागेवर आले. सेटिंग उघडलं आणि चूक दिसली. जुन्या नोंदी भराभर चढाव्यात म्हणून फुकटच्या डेटाबेसमधलं एक सेटिंग मी बंद केलं होतं. ते बंद असलं की नोंद डिस्कवर पोचायच्या आधीच तो 'झालं' म्हणून सांगतो. परत चालू करायचं मी विसरले होते. विकतचा मात्र प्रत्येक नोंद लिहूनच पुढे जात होता.

मालकांच्या केबिनच्या दारातून मी दोनदा परतले. शेवटी आत गेले, तर ते फोनवर लायसन्सवाल्यांना "आता नको" असंच सांगत होते. त्यांनी फोन ठेवल्यावर मी सगळं सांगून टाकलं.

ते म्हणाले, "चाचणी परत करा. काकांना समोर बसवून. तोवर लायसन्सवाल्यांना थांबवतो."

शनिवारी मी ते सेटिंग चालू केलं आणि काका खोकी स्कॅन करत राहिले, प्रत्येकाचा नंबर कागदावर लिहीत. मध्येच मी मशीनची वायर उपटली. ते पुन्हा सुरू झालं, पण स्क्रीनकडे बघायचा मला धीर होईना. काकांनीच नंबर जुळवले.

"शेवटचं बी हाय," ते म्हणाले.

वेगात मात्र फुकटचा आता थोडा मागेच पडला. मी तसंच लिहिलं. मालकांनी अहवाल दोनदा वाचला आणि "एवढं चालतंय," म्हणून फुकटचाच डेटाबेस घेतला. पुढे कित्येक आठवडे लाइट गेली की मी हातातलं काम टाकून गोदामात धावायचे आणि शेवटची नोंद डोळ्यांनी दिसेपर्यंत तिथंच उभी राहायचे.