प्रसादाची द्राक्षं

आमचे हे अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार नग हातात घ्यायचा, मापायचा, खोट असेल तर लाल खूण करून बाजूला ठेवायचा. चांगल्या नगाबद्दल बोलायची पद्धत नव्हती. तो मुकाट्यानं पुढच्या टेबलावर जायचा. हे निवृत्त झाले, नजर काही झाली नाही. भाकरीची कड कच्ची, पडदा एका बाजूला उतरलेला, चहात साखर जास्त. सगळं नीट असेल त्या दिवशी घरात शांतता. एकदा मी चिडून म्हटलं, "कधीतरी बरं झालंय म्हणावं माणसानं!" तर म्हणाले, "काही बोललो नाही म्हणजे पासच की."

मी पहिल्यापासून उलट्या वळणाची. पोळी करपली तर खमंग झालीय म्हणणारी. ह्यांना त्याचा वैताग यायचा. "तुला सगळंच चांगलं दिसतं, म्हणजे तुला काहीच दिसत नाही," असं एकदा बोलले. ते मला फार लागलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर ह्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पाय हळूहळू उचलू लागले, शब्द मात्र येईनात. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. त्या म्हणाल्या, "काकांना समजतंय सगळं. बोलतीलही, पण खात्री नाही देता येत." मी मनाशी ठरवलं, बोलणारच. आणि दिवसभर चांगलं तेवढं सांगत सुटले. आज चमचा स्वतः धरलात. ऊन किती छान पडलंय. बागेत फिरायला येणारी मंडळी तुमची चौकशी करतात. हे भिंतीकडे तोंड फिरवायचे. जेवताना घास मुकाट्यानं गिळायचे. जुन्या हिशेबानं माझा सगळा स्वयंपाक पास होत होता, आणि मला ती शांतता सोसवत नव्हती. भांडी घासताना नळ मोठा सोडून मी रडून घ्यायचे, मग हसऱ्या तोंडानं बाहेर यायचे.

जानेवारीत माझा धाकटा भाऊ आला. पिंपळगावजवळ त्याची द्राक्षबाग आहे. बागेतले पहिले घड वणीच्या देवीला वाहायचे आणि मग त्यातला प्रसाद नातेवाइकांना वाटायचा, असा त्याच्या घरचा रिवाज. देवीसाठी घड लवकर तोडतात, साखर पुरती भरायच्या आधी. ते आंबट असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण प्रसादाला आंबट कोण म्हणणार? तेवढ्या एका गोष्टीला हेसुद्धा कधी नावं ठेवत नसत.

"घ्या दाजी," भाऊ म्हणाला, "यंदा माल लय गोड हाय."

मी एक मणी ह्यांच्या तोंडात घातला, एक माझ्या. दात आंबले. "अगदी साखर!" मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. कपाळावर आठी पडली. ओठ वाकडे झाले, हलले. "आं..." घशात अडकलं वाटून मी पाण्यासाठी उठले, तर डाव्या हातानं माझा पदर धरला.

"आं...बट."

भाऊ तोंड उघडं टाकून बघत राहिला. तो शब्द मला पुन्हा ऐकायचा होता. "छे, गोड तर आहे," मी म्हणाले.

"आंबट!" हे आता चांगलेच चिडले होते.

"आक्का, दाजींनी देवीचा मालबी रिजेक्ट केला की!" भाऊ हसत होता आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. ज्या सुराला मी जन्मभर कंटाळले, तो परत आला म्हणून मला देवीला आणखी एक घड वाहावासा वाटला.

ह्यांचं लक्ष ताटलीकडे होतं. त्यांनी डाव्या हातानं घड फिरवून पाहिला, एक मणी तोडला, माझ्या हातावर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी तो चावला. सवयीनं 'गोड' जिभेवर आलंच होतं.

"आंबट आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ ओठ जुळवत राहिले.

"ब...रोबर."

इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.