सात सीटची गाडी

आज भाजीमंडईच्या गल्लीत माझी गाडी अडकली. समोरून टेम्पो आला होता आणि मागे स्कूटरवाले खोळंबले होते. त्यातला एक जण काचेपाशी येऊन शांतपणे म्हणाला, "काका, एकट्या माणसाला एवढी गाडी कशाला हवी?"

तो चुकीचं बोलत नव्हता. ही गाडी घेतली तेव्हा घरात माणसंही सातच होती. आई-वडील, आम्ही दोघं, दोन मुली आणि आमच्याकडेच राहणारी माझी बहीण. कोकणात जाताना खिडकीसाठी भांडणं व्हायची. मग कुणी परदेशी गेलं, कुणी कायमचं. दोन वर्षांपूर्वी माझी बायकोही गेली. आपण गाडी माणसांच्या मापाने घेतो, पण माणसं कमी झाली म्हणून ती आकसत नाही.

थोरली फोनवर म्हणते, "बाबा, विका ती. शहरात छोटी पुरते."

मी म्हणतो, "तुम्ही सगळे आलात की लागेल ना." त्यावर ती विषय बदलते.

परतताना बसथांब्यावर शेजारच्या इमारतीतल्या बाई दोन लेकरांना घेऊन उन्हात उभ्या दिसल्या. मी गाडी थांबवून विचारलं, "शाळेपर्यंत सोडू का?"

"नको काका, येईलच बस," त्या हसून म्हणाल्या.

मला आणखी थोडं बोलायचं होतं. पण तेवढ्यात मागून बस आली. मी तिच्या जागेत उभा होतो. ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि मी गाडी पुढे घेतली.